बुद्ध, बग आणि तीन बाण

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. रिलीजच्या आदल्या रात्री टीममधल्या एका ज्युनिअर पोराने टेस्टवर चालवायची स्क्रिप्ट प्रॉडक्शनवर चालवली. कॉलेजातून बाहेर पडून त्याला जेमतेम आठ महिने झालेले. बॅकअप होता, दोन तासांत सगळं जागेवर आलं, क्लायंटला पत्तासुद्धा लागला नाही. पण मी रात्री दीड वाजता एक सणसणीत मेल ठोकला. मॅनेजर, मॅनेजरचा मॅनेजर, झाडून सगळे सीसीत. सकाळी पोरगा आला तो डोळे सुजवूनच.

खरी लाजेची गोष्ट पुढेच आहे. मी तेव्हा वर्षभर रोज सकाळी वीस मिनिटं ध्यान करत होतो. ॲपवर तीनशे दिवसांची सलग साखळी, कौतुकाचे बिल्ले वगैरे. मेल पाठवल्यावरही मांडी घालून बसलो, श्वासावर लक्ष ठेवलं, दहा मिनिटांत शांत झालो आणि गाढ झोपलो. पोरगा रात्रभर जागा होता.

म्हणजे ध्यानाने त्याचं काम चोख केलं होतं. माझा त्रास कमी झाला होता. मग गडबड कुठे झाली? या प्रश्नापायी गेले कित्येक विकांत मी बौद्ध तत्त्वज्ञान वाचतोय. ज्यांना यातलं काहीच ठाऊक नाही अशा माझ्यासारख्यांसाठी, जे समजलं ते मांडतो. चूकभूल द्यावी घ्यावी.

माझी पाटी अगदी कोरी होती. आमच्या घरी बुद्ध म्हणजे दशावतारातला एक आणि इतिहासाच्या पेपरातला चार मार्कांचा प्रश्न. नाशिकच्या बौद्ध लेण्यांना आम्ही 'पांडवलेणी' म्हणत आलो. कार्ल्याला दहादा गेलो असेन, पण एकवीरेचं दर्शन घ्यायचं, चैत्यगृहात फोटो काढायचे आणि खाली येऊन वडापाव खायचा. त्याच चैत्यातल्या खांबांवर आणि दारापाशी दोन हजार वर्षांपूर्वीच्या दात्यांची नावं कोरलेली आहेत, त्यात यवन आहेत, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे, हे मला आत्ता कळलं. दारातली गोष्ट, पण कधी विचारलंच नाही.

आता 'सेक्युलर' म्हणजे काय ते सांगून टाकतो, कारण हा शब्द आपल्याकडे फार मारामारीचा झालाय. मला इथे एवढंच म्हणायचंय की पुनर्जन्म, देवलोक, चमत्कार यांवर विश्वास न ठेवता बुद्धाच्या विचारातलं किती हाती लागतं ते बघायचं. जुन्या पाली ग्रंथांत या गोष्टी नाहीतच असं मात्र मी म्हणत नाही. आहेत, भरपूर आहेत. 'बुद्ध हा जगातला पहिला सायंटिस्ट' छापाचे फॉरवर्ड मलाही येतात. ते वाचून छाती फुगवण्यापेक्षा सरळ कबूल करावं की तो अडीच हजार वर्षांपूर्वीचा माणूस होता, त्या काळच्या भाषेत बोलत होता, आणि आपण त्यातलं काही घेतोय, काही बाजूला ठेवतोय.

असं बाजूला ठेवायची सोय त्याच ग्रंथांत आहे, हे विशेष. कालाम नावाचे लोक बुद्धाला विचारतात, की इथे जो येतो तो आपलंच खरं आणि बाकीच्यांचं खोटं असं सांगतो, मग आम्ही मानायचं कुणाचं? बुद्धाचं उत्तर साधारण असं, की परंपरा आहे म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, सांगणारा आपला गुरू आहे म्हणूनही मानू नका. वागून बघा, कशाने नुकसान होतं आणि कशाने भलं होतं ते पारखा, मग ठरवा. हे वाचून आपण इंजिनिअर लोक लगेच खूश होतो. पण त्याच यादीत 'नुसत्या तर्कात बसतं म्हणून मानू नका' हेही आहे. म्हणजे आपलंही विमान जमिनीवर. :-)

पहिला बाण

मालुंक्यपुत्त नावाचा एक भिक्षू होता. तो वैतागून बुद्धाला म्हणतो, जग शाश्वत आहे की नाही, त्याला अंत आहे की नाही, आत्मा आणि शरीर एक की वेगळे, मेल्यावर काय होतं, हे सांगणार नसाल तर मी चाललो. बुद्ध त्याला एका माणसाची गोष्ट सांगतो. त्या माणसाला विषारी बाण लागलाय, नातेवाईकांनी वैद्य आणलाय, आणि हा म्हणतो, थांबा. बाण मारणारा कोण, कुठल्या जातीचा, कुठल्या गावचा, उंच की बुटका, धनुष्य कसलं, पिसं कुठल्या पक्ष्याची, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही. उत्तरं मिळायच्या आत माणूस मरणार हे उघड आहे.

(बाण रुतलेला असतानाही मारणाऱ्याची जात विचारायची सुचते, हे वाचून मला जरा ओळखीचं वाटलं.)

सेक्युलर वाचनाचा पाया माझ्या मते हीच गोष्ट आहे. पुनर्जन्म खरा की खोटा हा वाद आपण सोडवलेला नाही, बाजूला ठेवलाय. आधी बाण काढू.

पण हा बाण म्हणजे काय? इथे चार आर्यसत्यं येतात. शाळेत पाठ केली होती ती अशी: जगात दुःख आहे, दुःखाचं कारण तृष्णा आहे, दुःख थांबवता येतं, थांबवण्याचा मार्ग आहे. वाचून वाटायचं, काय रडका माणूस! पण आपल्या धंद्याच्या भाषेत मांडून बघा. बग आहे. बगचं मूळ सापडलंय. बग दुरुस्त होण्यासारखा आहे. आणि हे घ्या दुरुस्तीचे टप्पे. असा बग रिपोर्ट लिहिणाऱ्याला कुणी निराशावादी म्हणत नाही, उलट त्याला चहा पाजतात.

यातल्या 'दुःख' या शब्दाने मराठी माणसाची फसगत होते. आपण दुःख म्हटलं की डोळ्यांत पाणी असं धरतो. पालीतल्या 'दुक्ख' शब्दाचा पसारा मोठा आहे. दुखणं, मरणं, ताटातूट हे त्यात आहेच. पण सुख टिकत नाही, हेही त्यातच येतं. अप्रेझलमध्ये चांगली वाढ मिळाली की तो आनंद किती दिवस पुरतो? शेजारच्याला किती मिळाली ते कळेपर्यंत. ऑनसाइट मिळेपर्यंत जीव टांगणीला, मिळाल्यावर तिथल्या थंडीत एकटेपणाची रड, परत आल्यावर इथल्या ट्रॅफिकची रड. वाईट असं काहीच घडलेलं नसतं. फक्त 'हे मिळालं की झालं' असं म्हणत असतो आणि ते 'झालं' कधी होत नाही.

त्याच्या मुळाला पालीत 'तण्हा' म्हणतात. संस्कृतात तृष्णा. आपला 'तहान' हा शब्द तिथूनच आलाय. पाण्याची तहान पाणी पिऊन भागते, ही तहान पिऊन वाढते.

बग रिपोर्टची उपमा इथपर्यंतच चालते हेही सांगायला हवं. एरवी आपण प्रोग्रॅमच्या बाहेर बसून डिबग करतो. इथे डिबग करणारा आणि चालणारा प्रोग्रॅम एकच. म्हणून नुसतं वाचून भागत नाही, स्वतःला चालू असताना बघावं लागतं. ध्यानाची गरज पडते ती इथे.

दुसरा बाण

दुसरी गोष्टही बाणाचीच. बुद्ध म्हणतो, सामान्य माणसाला एक बाण लागतो आणि लगेच तो दुसराही लावून घेतो. पहिला म्हणजे झालेली वेदना. दुसरा म्हणजे त्या वेदनेवरचं आपलं रडगाणं. पाठ दुखते हा पहिला. 'आता माझं कसं होणार, हे माझ्याच नशिबी का' हा दुसरा. पहिला टाळणं दर वेळी आपल्या हातात नसतं, पण दुसरा टाळता येतो.

त्या रात्री स्क्रिप्ट चुकली हा पहिला बाण. 'आता माझी इज्जत गेली, मॅनेजर काय म्हणेल, माझं प्रमोशन' हा दुसरा. मी ध्यानाला बसून हा दुसरा बाण काढला. अगदी नीट काढला. आणि बहुतेक ॲप, बहुतेक शिबिरं, बहुतेक ऑफिसातली सत्रं इथेच थांबतात.

यात काही वाईट नाही. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरमध्ये जुनाट दुखण्याच्या पेशंटांसाठी ध्यानावर आधारलेला आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला, त्यात धर्माचं नाव नव्हतं. आपल्याकडे सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून आले, आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांची विपश्यना शिबिरं चालू आहेत. पहाटे चारला घंटा, जवळपास पूर्ण शिबिरभर मौन, फी नाही, ज्याने शिबिर पूर्ण केलं त्याने वाटलं तर दान द्यावं. अशा गोष्टींचा कित्येकांना फायदा झालाय. मलाही झाला.

पण मार्ग अष्टांगिक आहे. ज्याला आपण 'माइंडफुलनेस' म्हणतो ती सम्मा सती त्यात सातवी. तिच्या आधी सम्मा वाचा, म्हणजे नीट बोलणं, सम्मा कम्मन्त, म्हणजे नीट वागणं, आणि सम्मा आजीव, म्हणजे कुणाचं वाईट न करता पोट भरणं, हे तिघे आहेत. आपण आठातली सातवी पायरी उचलली, तिला छान पॅकिंग केलं, आणि बाकीच्या सात 'धार्मिक' म्हणून सोडून दिल्या. खरं तर त्या तिघांत धार्मिक काहीच नाही. त्या पाळायला पुनर्जन्म लागत नाही, देव लागत नाही. त्या अडचणीच्या आहेत, म्हणून सुटल्या.

तिसरा बाण

हा बाण कुठल्या सुत्तात नाही, माझा मीच जोडलाय. पहिला बाण मला लागला, दुसरा मी स्वतःला मारला, आणि तिसरा मी दुसऱ्याला मारला. रात्री दीड वाजता, सगळ्यांना सीसी करून.

बोलावं कसं याची पाली ग्रंथात पाच कसोट्यांची एक यादी आहे: बोलणं वेळेवर हवं, खरं हवं, मऊ हवं, उपयोगी हवं आणि मनात सद्भाव ठेवून केलेलं हवं. मी माझा मेल काढून या यादीवर घासून पाहिला. खरा होता का? होता. बाकी चारांत नापास. कोड रिव्ह्यू करताना एवढे फेल निघाले असते तर मीच तो कोड परत पाठवला असता.

आणि 'खरा' तरी कितपत? इथे बौद्ध विचारातली सगळ्यात अवघड आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट येते. पटिच्चसमुप्पाद. नाव भीतिदायक आहे, कल्पना साधी आहे: कुठलीही गोष्ट एकटी, आपल्या आपण घडत नाही. अनेक कारणं जुळतात तेव्हा ती घडते, आणि ती कारणं सरली की ती सरते. याचंच दुसरं टोक म्हणजे अनत्ता, 'मी' नावाचा न बदलणारा गोळा कुठे सापडत नाही. मिलिंद नावाच्या ग्रीक राजाला भिक्षू नागसेन हे रथावरून समजावतो. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? नाही. सगळं विशिष्ट पद्धतीने जुळलं की त्याला आपण रथ म्हणतो. आपल्याला हे कळायला सोपं जावं. 'सिस्टिम डाऊन आहे' म्हणतो तेव्हा सिस्टिम नावाची वस्तू कुठे ठेवलेली असते?

मी मेलमध्ये लिहिलं होतं की हा मुलगा निष्काळजी आहे. जणू निष्काळजीपणा हा त्याच्या आत बसवलेला पार्ट आहे. नंतर शांतपणे कारणं मांडली तेव्हा यादी अशी निघाली: टेस्ट आणि प्रॉडक्शनच्या खिडक्या एकाच रंगाच्या, पोरगा सकाळी नऊपासून कामावर, वेळ रात्री अकराची, आणि ज्युनिअर मंडळींकडून प्रॉडक्शनचा ॲक्सेस काढून घेण्याचं तिकीट तीन महिने पडून. ते तिकीट माझ्या नावावर होतं.

हे 'ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम' म्हणून आपल्या क्षेत्रात आता बरेच जण करतात. माणूस शोधू नका, कारणं शोधा. मला ही पद्धत माहीत होती. फक्त ती मला सर्व्हरला लावता येत होती, माणसाला लावता येत नव्हती.

आता कारणं शोधायचीच तर ती फक्त आपल्या डोक्यात शोधून कसं चालेल? एका ऑफिसात (कुठल्या ते जाऊ द्या) एचआरने दुपारी चार वाजता तणावमुक्तीचं सत्र ठेवलं होतं. डोळे मिटा, सोडून द्या, स्वीकारा. त्याच आठवड्यात तीच टीम रोज रात्री एकपर्यंत बसत होती, कारण दोघांचं काम एकाला दिलं होतं. हे म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसायची, आणि वर पुसणाऱ्याला म्हणायचं की तू मनापासून पुसत नाहीस.

बुद्धाने असं सांगितलेलं नाही. कूटदन्त नावाचा ब्राह्मण शेकडो जनावरांचा यज्ञ करायला निघालेला असतो. त्याला बुद्ध एका राजाची गोष्ट सांगतो. राज्यात चोऱ्यामाऱ्या वाढलेल्या असतात. राजाचा पुरोहित म्हणतो, शिक्षा करून हे थांबणार नाही. शेतकऱ्याला बी-बियाणं द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, नोकरी करणाऱ्याला नीट पगार द्या, चोऱ्या आपोआप थांबतील. त्यात कुणालाही 'श्वासावर लक्ष द्या' असं सांगितलेलं नाही.

महाराष्ट्रात बसून हे लिहिताना बाबासाहेब आंबेडकरांपाशी यावंच लागतं. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा त्यांचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९५७ मध्ये प्रकाशित झाला. त्यातलं धाडस बघा. चार आर्यसत्यं हा बुद्धाचा मूळ उपदेश होता की नंतर भिक्षूंनी घातलेली भर, असा प्रश्न ते प्रस्तावनेतच विचारतात. जन्मच दुःख असेल तर माणसाला आशा कुठली, हा त्यांचा आक्षेप. म्हातारा, आजारी आणि प्रेत बघून सिद्धार्थ घर सोडतो ही कथाही ते नाकारतात. त्यांच्या मांडणीत तो घर सोडतो ते शाक्य आणि कोलिय यांच्यातल्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या भांडणावरून, युद्धाला विरोध केला म्हणून. आपल्या गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनीही 'भगवान बुद्ध' मध्ये या पाण्याच्या भांडणाचं महत्त्व सांगितलंय. सगळ्या अभ्यासकांना ही मांडणी पटते असं नाही. पण धर्मग्रंथाला प्रश्न विचारत विचारत धर्म स्वीकारायचा, हे कालामांना सांगितलेल्या गोष्टीचं मला माहीत असलेलं सगळ्यात मोठं उदाहरण आहे. पाश्चात्त्य लेखकांनी 'सेक्युलर बुद्धिझम' ही पाटी लावायच्या कितीतरी आधीचं.

नागपूरचा माझा एक मित्र आहे, बौद्ध घरातला. त्याला मी मोठ्या उत्साहाने हे सगळं सांगायला गेलो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू आता जे शोधून काढलंस ना, ते माझ्या आजीला अकराव्या वर्षी सांगितलं होतं."

१४ ऑक्टोबर १९५६ ला त्याची आजी वडिलांचं बोट धरून दीक्षाभूमीवर होती. तिथल्या बावीस प्रतिज्ञांचा बराचसा भाग काय मानायचं नाही आणि माणसाशी कसं वागायचं याबद्दलचा आहे. आजीला ध्यान वगैरे जमत नाही. ती रोज बुद्धापुढे मेणबत्ती लावते आणि वंदना म्हणते.

"तुला ती मेणबत्ती अंधश्रद्धा वाटत असेल," मित्र म्हणाला. "पण त्या दिवसानंतर ती कुणापुढे वाकली नाही. तुझ्या ॲपने तुला काय दिलं?"

मी गप्प. काय बोलणार? २०११च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख आपल्या महाराष्ट्रातले होते. शाळेत, ऑफिसात, शेजारी ही माणसं कायम होती. तरी बुद्ध समजून घ्यायला मला अमेरिकेत बनलेलं ॲप लागलं. यात ॲपचा दोष नाही. तो 'त्यांचा' देव, अशी एक न बोललेली ओळ माझ्या घरात, माझ्या डोक्यात होती. तीही एक जुनी कारणांची साखळीच.

तर सांगायचा मुद्दा असा. बुद्धाचा विचार धर्म न मानता घेता येतो, अगदी जरूर घ्यावा. पण गाळताना पुनर्जन्म गाळा, देवलोक गाळा, शील गाळू नका. शील गाळलं तर उरते ती डोकेदुखीची गोळी. गोळीने माझं डोकं थांबतं, दुसऱ्याला मारलेला दगड परत येत नाही. आणि सेक्युलर म्हणवून घेताना मेणबत्ती लावणाऱ्याकडे वरून बघू नका. ती आपल्यापेक्षा चार पायऱ्या पुढेही असू शकते.

सुरुवात करायची तर माझ्या मते अशी करावी. कोसंबींचं 'भगवान बुद्ध' आणि बाबासाहेबांचा ग्रंथ, दोन्ही मराठीत मिळतात, दोन्ही वाचावेत आणि दोघांचं जुळत नाही तिथे थांबून विचार करावा. रोज दहा मिनिटं गुपचूप बसावं. आणि रागाचा मेल लिहिला की पाठवण्याआधी त्या पाच कसोट्या लावाव्यात. शेवटचं सगळ्यात कठीण आहे, मी आठवड्यातून दोनदा तरी नापास होतो.

त्या पोराची माफी मागितली. एकट्यात नाही, मेल ज्यांना गेला होता त्या सगळ्यांना सीसी करून, तिकीट कुणाच्या नावावर होतं तेही लिहून. पाठवताना हात थरथरत होता, खोटं कशाला बोलू. पोरगा म्हणाला, "असू द्या सर." पण अजून तो माझ्या डेस्कपाशी काही विचारायला येत नाही, शेजारच्याला विचारतो.

ॲक्सेसचं तिकीट मात्र त्याच दिवशी बंद केलं.